दगडाचे निदान

ताप उतरत नसलेल्या रुग्णाचे रक्त कल्चरसाठी प्रयोगशाळेत जाते. दोन-तीन दिवसांनी अहवाल येतो : जंतू वाढले आहेत. नवशिका डॉक्टर लगेच प्रतिजैविक लिहायला घेतो. अनुभवी डॉक्टर आधी जंतूचे नाव पाहतो. तो स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस असेल आणि दोनपैकी एकाच बाटलीत वाढला असेल, तर बहुतेक वेळा तो रुग्णाच्या रक्तातला नसतो. सुई टोचताना कातडीवरून बाटलीत गेलेला असतो. जंतू खरा, त्याची वाढही खरी, पण मुक्काम चुकीचा. हे ओळखले नाही तर रुग्णाला नको ती औषधे मिळतात आणि तापाचे खरे कारण तसेच राहते.

असाच प्रश्न गेली जवळजवळ दोनशे वर्षे आकाशातून पडणाऱ्या काही काळ्या दगडांबाबत विचारला जात आहे. या दगडांत सेंद्रिय पदार्थ सापडतात. ते दगडाने आणलेले असतात, की पृथ्वीवर पडल्यानंतर त्याला चिकटलेले? सजीवांची घडण ज्या रसायनांपासून होते, ती पृथ्वीवर जीवसृष्टी येण्याआधीच अवकाशात तयार होती का, याचे उत्तर या एका गोष्टीवर अवलंबून आहे. म्हणून या दगडांचे वर्णन आणि वर्गीकरण करणारे शास्त्रज्ञ एखाद्या पॅथॉलॉजिस्टच्या चिकाटीने काम करतात.

काळा दगड, आत मणी

आकाशातून येऊन जमिनीवर पोहोचलेल्या दगडाला अशनी म्हणतात. डोळ्यांदेखत पडलेल्या अशनींपैकी बहुसंख्य 'कॉन्ड्राइट' असतात. कापलेल्या कॉन्ड्राइटकडे भिंगातून पाहिले, तर बारीक गोल मणी दिसतात. त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्याभोवती धूळ आणि वायूची तबकडी फिरत होती, त्या काळात धुळीच्या गुठळ्या तापून वितळल्या आणि थेंब होऊन गोठल्या. तेच हे मणी. पुढे हे मणी आणि उरलेली धूळ एकत्र येऊन लघुग्रह बनले. पृथ्वीवरचा खडक लाव्हा, पाऊस, दाब आणि उष्णता यांतून अनेकदा भरडला गेला आहे. कॉन्ड्राइट मात्र पूर्ण वितळलेला नाही, त्यामुळे सूर्यमालेच्या सुरुवातीचा माल त्यात बऱ्याच अंशी तसाच राहिला आहे.

पडताना पाहिलेल्या शंभर अशनींपैकी साधारण चार-पाच 'कार्बनयुक्त कॉन्ड्राइट' निघतात. दिसायला ते कोळशाच्या खड्यासारखे काळे असतात. त्यातले काही इतके ठिसूळ असतात की बोटांत चुरडतात, पाण्यात टाकले तर मातीच्या ढेकळासारखे सुटतात. १८०६ साली फ्रान्समध्ये आलेस येथे पडलेला अशनी असाच होता. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३४ मध्ये त्याचे पृथक्करण केले. त्यात त्यांना चिकणमातीसारखी खनिजे, त्यांत बांधलेले पाणी आणि कार्बनचे पदार्थ सापडले. हे सजीवांचे अवशेष असतील का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि तसे म्हणायला आधार नाही, असा निष्कर्ष काढला.

त्यांचेच शिष्य फ्रेडरिक व्होलर यांचे मत वेगळे पडले. १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार करणारे म्हणून शाळेच्या पुस्तकात भेटतात ते हेच व्होलर. १८५७ मध्ये हंगेरीत काबा येथे पडलेल्या अशनीतील सेंद्रिय पदार्थ त्यांनी तपासला आणि आजच्या ज्ञानानुसार असा पदार्थ सजीवांपासूनच येऊ शकतो, असे मत नोंदवले. सजीवाशिवाय सेंद्रिय पदार्थ बनतो, हे ज्यांनी स्वतः दाखवले होते, त्यांनीच असे म्हणावे हे नवल आहे. गुरू-शिष्य दोघांचेही शिक्षण वैद्यकाचे होते. दोघांपुढे पुरावा जवळपास सारखा होता. फरक पडला तो त्याच्या अर्थात.

मोंतोबाँची बरणी

१४ मे १८६४ रोजी संध्याकाळी दक्षिण फ्रान्समध्ये ऑर्गेय गावाच्या परिसरात वीसएक काळे दगड पडले. त्यांचे तुकडे निरनिराळ्या संग्रहालयांत गेले. त्या वर्षी फ्रान्समध्ये एक वाद गाजत होता. निर्जीव पदार्थातून आपोआप जीव निर्माण होतो का, या प्रश्नावर लुई पाश्चर यांनी एप्रिलमध्येच पॅरिसला सोर्बोन विद्यापीठात जाहीर व्याख्यान दिले होते, आणि तसे होत नाही हे ठासून सांगितले होते. महिना-सव्वा महिन्यात आकाशातून सेंद्रिय पदार्थ भरलेला दगड पडला.

ऑर्गेयचा एक तुकडा जवळच्या मोंतोबाँ शहराच्या संग्रहालयात काचेच्या बंद बरणीत ठेवलेला होता. जवळजवळ शंभर वर्षे ती बरणी कोणी उघडली नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी तो तुकडा तपासला, तेव्हा आत चक्क वनस्पतीच्या बिया निघाल्या. त्या लव्हाळ्यासारख्या एका युरोपीय वनस्पतीच्या होत्या. सोबत कोळशाचे कण होते आणि सगळे डिंकासारख्या चिकट पदार्थाने घट्ट बसवलेले होते. वरून पुन्हा अशनीच्या कवचासारखा लेपही दिला होता. कोणीतरी १८६४च्या सुमारास मुद्दाम केलेली ही फसवणूक होती. कदाचित पाश्चर यांच्या वादात कोणाची तरी फजिती करायची असेल. पण बरणी वेळेवर उघडलीच नाही आणि थट्टा शतकभर झाकलेली राहिली. ती कोणी केली, हे आजवर कळलेले नाही.

बरणी उघडण्याच्या थोडे आधी, १९६१ मध्ये, अमेरिकेतीलच दोन संशोधकांनी ऑर्गेय आणि इतर काही अशनींत सूक्ष्म जीवाश्मांसारख्या 'सुघटित' आकृत्या सापडल्याचे जाहीर केले होते. जगभर खळबळ उडाली. नंतरच्या तपासणीत त्यातल्या काही आकृत्या खनिजांच्या निघाल्या, तर काही रॅगवीड या तणाच्या परागकणांच्या. आपल्याकडच्या गाजरगवताच्याच कुळातले हे तण. अमेरिकेत दरवर्षी लाखो लोकांना शिंका आणि नाक वाहण्याचा त्रास त्याच्या परागांमुळे होतो. परागकण हवेतून दगडावर बसले होते आणि अवकाशातले जीवाश्म ठरले होते.

याच काळात अशनींत अमिनो आम्ले सापडल्याचेही दावे होत होते. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक. १९६५ मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी माणसाच्या बोटांच्या ठशांतील अमिनो आम्ले मोजली. घामातून कातडीवर येणाऱ्या या आम्लांत सेरीन हे सर्वांत ठळक होते. अशनींच्या काही जुन्या अहवालांतले प्रमाण आणि बोटांच्या ठशांतले प्रमाण ओळखीचे वाटावे इतके जुळत होते. आकाशातले म्हणून मोजलेले काही अंशी तरी तपासणाऱ्याच्या हातावरचे होते.

दोन प्रश्न : कुळ कोणते, अवस्था कोणती

या गोंधळातून बाहेर पडायला वर्गीकरणाची मदत झाली. कर्करोगाच्या अहवालात पॅथॉलॉजिस्ट दोन वेगळ्या गोष्टी सांगतो : गाठ कोणत्या पेशींची आहे, आणि आजार किती पुढे गेला आहे. पहिल्याचे उत्तर प्रकार, दुसऱ्याचे उत्तर अवस्था. दोन्ही एकत्र आल्याशिवाय उपचार ठरत नाही. कार्बनयुक्त कॉन्ड्राइटच्या नावातही असेच दोन भाग असतात. अक्षरे कुळ सांगतात, आकडा बदलाची अवस्था सांगतो.

अक्षरांत 'सी' म्हणजे कार्बनयुक्त. पुढचे अक्षर बहुधा त्या कुळातल्या नमुन्याच्या गावाचे असते. सीआय हे टांझानियातील इवुना गावावरून, सीएम हे युक्रेनमधील मिगेईवरून, सीव्ही आणि सीआर ही इटलीतील विगारानो आणि रेनात्झो यांच्यावरून, सीओ फ्रान्समधील ऑर्नानवरून, सीके ऑस्ट्रेलियातील करून्डावरून. सीबी हे ऑस्ट्रेलियातल्याच बेनक्यूबिनवरून आले. सीएचमधला 'एच' मात्र गावाचा नाही. तो धातूचे प्रमाण जास्त असल्याची खूण आहे. एकाच कुळातले अशनी एकाच किंवा अगदी सारख्या लघुग्रहांवरून आले असावेत, असे मानले जाते.

कुळ ओळखायला दगडाचा तुकडा कापून, घासून तीस मायक्रॉन जाडीचा काप करतात. इतक्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो. पॅथॉलॉजी विभागात बायॉप्सीची स्लाइड पाहतात, तसा हा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मणी किती मोठे आहेत? सीव्हीमध्ये ते खसखशीच्या दाण्याएवढे, सुमारे एक मिलिमीटरचे. सीएममध्ये बारीक रव्याच्या कणाएवढे, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचे. सीओमध्ये आणखी लहान. मणी जास्त की त्यांच्यामधली काळी पूड जास्त? धातूचे कण आहेत का? सीआयमध्ये तर मणी जवळजवळ सापडतच नाहीत. तरीही त्याला कॉन्ड्राइटच म्हणतात, कारण त्याचे रसायन त्याच कुळाचे आहे.

नावाने फसू नये, हाही एक धडा इथे मिळतो. 'कार्बनयुक्त' म्हटल्या जाणाऱ्या सीके कुळात कार्बन अगदी थोडा असतो. उलट युरेलाइट नावाच्या अशनींत सुमारे तीन टक्के कार्बन असूनही ते या वर्गात येत नाहीत. नाव जुने आहे, काळा रंग पाहून दिलेले. आज वर्ग ठरतो तो घटकांच्या प्रमाणावर आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर. ऑक्सिजनचे १६, १७ आणि १८ वजनाचे तीन प्रकार निसर्गात असतात. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात दाखवले की या तिघांचे प्रमाण वेगवेगळ्या अशनी कुळांत वेगवेगळे असते. रक्तगट जसा चेहरा पाहून कळत नाही, चाचणीने कळतो, तसे हे प्रमाण. पुढे क्रोमियम आणि टायटॅनियमच्या समस्थानिकांवरून आणखी एक गोष्ट कळली. कार्बनयुक्त अशनी आणि बाकीचे अशनी हे सुरुवातीच्या सूर्यमालेतल्या दोन वेगळ्या भागांतले आहेत. वाढत्या गुरू ग्रहाने या दोन भागांची सरमिसळ रोखली असावी आणि कार्बनयुक्त माल गुरूच्या पलीकडचा असावा, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

एक ते सात

दुसरा भाग आकड्याचा. १९६७ मध्ये रँडल व्हॅन श्मूस आणि जॉन वुड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ही पद्धत मांडली. हा आकडा वाचताना पहिल्यांदा सगळेच चुकतात, कारण सर्वांत कमी बदललेल्या दगडाला इथे १ नसून ३ क्रमांक आहे. ३ कडून २ आणि १ कडे जाताना पाण्याचा परिणाम वाढत जातो. ३ कडून ४, ५, ६ कडे जाताना उष्णतेचा परिणाम वाढतो. ७ हा क्रमांक नंतर जोडला गेला. रक्तदाबाप्रमाणेच, मधल्या आकड्यापासून खाली जाणे हाही बदल आणि वर जाणे हाही बदलच.

लघुग्रहावर पाणी कुठून आले, आणि उष्णता कुठून? सुरुवातीच्या धुळीत अॅल्युमिनियम २६ हा किरणोत्सारी प्रकार होता. त्याचे अर्धे आयुष्य सुमारे सात लाख वर्षांचे. दर सात लाख वर्षांनी तो निम्मा होत गेला आणि झिजताना उष्णता देत गेला. जो लघुग्रह लवकर जमला, त्याच्यात हे इंधन भरपूर. तो तापला, काही तर वितळलेही. जो उशिरा आणि थंड भागात जमला, त्याच्यात बर्फ होते आणि इंधन बेताचे. तिथे बर्फ नुसते वितळले. कोमट पाणी दगडात मुरले, ऑलिव्हिनसारख्या खनिजांची चिकणमाती झाली, मणी विरघळू लागले. त्यामुळेच सीआय १ अशनींत मणी दिसत नाहीत.

तीन दगडांची उदाहरणे घेतली की हे लक्षात राहते. ८ फेब्रुवारी १९६९ च्या मध्यरात्रीनंतर मेक्सिकोच्या चिवावा राज्यात आयेंदे येथे दोन टनांहून अधिक दगड पडले. तो सीव्ही ३, म्हणजे फारसा न बदललेला. त्यात पांढुरके ठिपके दिसतात, ते कॅल्शियम आणि अॅल्युमिनियमने भरलेले आहेत. अशा ठिपक्यांचे वय सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षे भरते. सूर्यमालेत तयार झालेला याहून जुना घन पदार्थ माहीत नाही. सूर्यमालेचे वय म्हणून आपण जो आकडा वाचतो, तो इथून आला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मर्चिसन गावावर शंभर किलोहून अधिक दगड पडले. ते सीएम २ : पाण्याने बरेच बदललेले, पण मणी अजून ओळखू येणारे. आणि ऑर्गेय सीआय १ : पाण्याने पूर्ण बदललेला. तरीही हायड्रोजन, हेलियम यांसारखे वायुरूप घटक वगळले तर ऑर्गेयमधल्या मूलद्रव्यांचे प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाशी कमालीचे जुळते. पाण्याने रचना बदलली, पण घटक फारसे वाहून नेले नाहीत. घर पाडून त्याच विटांनी नवे घर बांधावे, तसे.

मर्चिसनचा अहवाल

मर्चिसनचा दगड योग्य वेळी पडला. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला होता आणि चंद्राच्या मातीत सेंद्रिय पदार्थ शोधायला नासाने अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा सज्ज ठेवल्या होत्या. नासाच्या एम्स केंद्रात कीथ क्वेनव्होल्डन, श्रीलंकेत जन्मलेले सिरिल पोन्नम्पेरुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्चिसनचे कमीत कमी भेगा असलेले तुकडे निवडले, बाहेरचा भाग बाजूला ठेवला आणि आतला गाभा तपासला. डिसेंबर १९७० मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दगडात अमिनो आम्ले होती.

या वेळी लोकांनी विश्वास ठेवला तो तीन कारणांनी. पहिले, त्यात अशी अमिनो आम्ले होती जी आपल्या प्रथिनांत नसतात. बोटांवरून ती येऊ शकत नव्हती. दुसरे, त्यांतल्या कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरील सजीवांसारखे नव्हते. तिसरे कारण डावे-उजवेपणाचे.

डावा आणि उजवा हात सारखे असूनही डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नीट बसत नाही. बऱ्याच रेणूंचेही तसेच असते. सर्दी-ॲलर्जीसाठी घेतली जाणारी लिव्होसेट्रिझिनची गोळी किंवा लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक, यांच्या नावातला 'लिव्हो' म्हणजे डावा. जोडीतला एकच रेणू शरीरात हवे ते काम चोख करतो, म्हणून तो वेगळा काढून दिला जातो. सजीवांची प्रथिने जवळजवळ पूर्णपणे डाव्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. निर्जीव रसायनक्रियेत मात्र डावी-उजवी निम्मी-निम्मी बनतात. मर्चिसनमध्ये ती जवळजवळ निम्मी-निम्मी होती. बोटांचा ठसा असता तर डावीच मिळाली असती. म्हणजे ही आम्ले सजीवांची नव्हती, आणि म्हणूनच ती दगडाची स्वतःची होती. सजीवाशिवाय, अवकाशात, प्रथिनांचे घटक तयार होतात, हे तिथे सिद्ध झाले.

इथे आकड्याचे महत्त्व पुन्हा कळते. अमिनो आम्लांची विविधता सीएम २ आणि सीआर २ सारख्या, मध्यम पाणी लागलेल्या दगडांत जास्त आढळते. सीआय १ मध्ये ती कमी आणि साधी आहे. नुसते 'अशनीत अमिनो आम्ले सापडली' असे म्हणणे म्हणजे अवस्था न सांगता कर्करोग सांगणे.

मर्चिसनची गोष्ट तिथे संपली नाही. १९९७ मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठातील जॉन क्रोनिन आणि सँड्रा पिझारेलो यांनी पृथ्वीवर दुर्मीळ असलेली काही अमिनो आम्ले निवडून मोजली. त्यांत डाव्या रेणूंचे प्रमाण काही टक्के अधिक भरले. मग सजीवांचा डावेपणाही अवकाशातूनच सुरू झाला का? या प्रश्नाने पुढची पंचवीस वर्षे संशोधकांना कामाला लावले. अडचण एकच होती. दगड पृथ्वीवर पडला होता, मातीला लागला होता आणि हवेत राहिला होता.

हवेचा परिणाम किती असतो, हे ऑर्गेयनेच दाखवले. त्याच्यात पांढऱ्या सल्फेट क्षारांच्या रेषा दिसतात. लघुग्रहावर वाहिलेल्या पाण्याची ती खूण आहे, असे कित्येक वर्षे मानले जात होते. २००१ मध्ये दोन संशोधकांनी १८६४ मधली मूळ वर्णने पुन्हा वाचली. त्यांत अशा रेषांचा उल्लेखच नव्हता. या रेषा संग्रहालयाच्या कपाटात, हवेतल्या दमटपणाने तयार झाल्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. जुन्या केसपेपरवरची नोंद दीडशे वर्षांनी उपयोगी पडली.

दगडाकडे जाऊन आणलेला नमुना

यावर उपाय म्हणजे दगड पडण्याची वाट न पाहता लघुग्रहावरूनच नमुना आणणे. जपानच्या हायाबुसा २ यानाने रयुगू लघुग्रहावरून सुमारे ५.४ ग्रॅम माल डिसेंबर २०२० मध्ये पृथ्वीवर आणला. तो सीआय कुळाशी जुळला. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू लघुग्रहावरचा १२१.६ ग्रॅम नमुना २४ सप्टेंबर २०२३ रोजी युटाच्या वाळवंटात उतरवला आणि तो नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत ठेवला गेला. जानेवारी २०२५ मध्ये बेन्नूचे अहवाल आले. आपल्या प्रथिनांत असणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा त्यात होती. डीएनए आणि आरएनएमध्ये लागणारी पाचही बेसेस होती. खारे पाणी आटत जाऊन मागे राहणारे सोडियमयुक्त क्षारही होते. पृथ्वीच्या दमट हवेत यांतले काही क्षार टिकले नसते. डाव्या-उजव्या अमिनो आम्लांचे प्रमाण मात्र जवळजवळ समसमान निघाले. मर्चिसनवर उभारलेल्या डावेपणाच्या कल्पनेपुढे त्यामुळे मोठे प्रश्नचिन्ह उभे राहिले आहे.

एवढी काळजी घेऊनही पृथ्वीवरचे जीव वाट काढतात. रयुगूचा एक कण ब्रिटनमधील संशोधकांनी तपासला, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर दोरीसारखे सूक्ष्मजीव दिसले. आधीच्या क्ष-किरण चित्रांत ते नव्हते. संशोधकांनी घाईने अवकाशातील जीवसृष्टी जाहीर केली नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजणी केली. संख्या काही आठवड्यांत वाढली आणि मग घटली, अगदी पृथ्वीवरच्या सूक्ष्मजीवांच्या नेहमीच्या चालीने. नमुना हाताळताना ते शिरले होते. २०२४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. कल्चरच्या अहवालाचा अर्थ कसा लावावा, याचे ते चांगले उदाहरण आहे.

टोंक आणि मुकुंदपुरा

लघुग्रहावरून नमुना आणायला हजारो कोटी रुपये लागतात. अशनी मात्र कोणाच्याही शेतात फुकट पडतो. भारतातही हे घडले आहे. १९११ मध्ये राजस्थानात टोंक येथे सीआय १ अशनी पडला. जगात पडताना पाहिलेले सीआय अशनी बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि टोंकचे एकूण ७.७ ग्रॅमच हाती लागले. १८९० मध्ये ओडिशातील नवापाली, १९२१ मध्ये राजस्थानातील हरिपुरा आणि १९४० मध्ये बस्तर भागातील एराकोट इथे सीएम २ अशनी पडले. त्यांचाही थोडाच माल जपला गेला आहे.

६ जून २०१७ रोजी पहाटे जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावात शेतात सुमारे दोन किलोचा काळा दगड पडून फुटला. पडल्याचे लगेच कळले, पाऊस पडायच्या आत तो उचलला गेला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पोहोचला. तपासणीत तो सीएम २ ठरला, म्हणजे मर्चिसनच्या कुळातला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी त्याचा अभ्यास झाला.

नवा अशनी मिळाल्यावर त्याचे नाव आणि वर्ग नोंदवण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. मीटिओरिटिकल सोसायटीची नामकरण समिती वर्णन तपासते, आणि वीस ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा भाग, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संस्थेत ठेवावा लागतो. पुढे कोणाला शंका आली तर पुन्हा तपासता यावे, म्हणून. दगड कोणत्याच कुळात बसला नाही, तर तसे स्पष्ट लिहिले जाते. १८ जानेवारी २००० रोजी कॅनडात गोठलेल्या टॅगिश सरोवरावर पडलेला अशनी आजही 'सी २, कुळ न ठरलेला' असा नोंदला आहे. तो सापडलेल्या माणसाने उघड्या हाताने न धरता पिशव्यांत भरला आणि फ्रीजरमध्ये ठेवला, म्हणून त्याच्यातले सेंद्रिय पदार्थ शाबूत राहिले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी इंग्लंडमध्ये विंचकम येथे एका घरासमोर पडलेला अशनी काही तासांत गोळा झाला. नंतर पाऊस लागलेल्या त्याच्याच तुकड्यांत बदल दिसू लागले होते.

आपल्या शेतात, गच्चीवर किंवा अंगणात असा दगड पडला तर भीतीचे कारण नाही. त्यातून घातक किरणोत्सर्ग होत नाही, रोगजंतूही पसरत नाहीत, आणि तो बहुतेक वेळा लालबुंद तापलेला नसतो. मात्र काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. उघड्या हाताने धरू नये. पाण्याने धुऊ नये, तेल, दूध, हळद-कुंकू लावू नये. लोखंड आहे का हे पाहायला चुंबक लावू नये, कारण त्यामुळे दगडातली कोट्यवधी वर्षांची चुंबकीय नोंद पुसली जाते. तोडून वाटून घेऊ नये. जागेवरच फोटो काढावा, वेळ लिहून ठेवावी, स्वच्छ हातमोजे घालून किंवा ॲल्युमिनियमच्या कोऱ्या फॉइलने उचलून नव्या, कोरड्या पिशवीत बंद करावा आणि तहसीलदार किंवा पोलिसांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशात पडलेल्या अशनींची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. पाऊस जवळ आला असेल, तर कोणाची वाट न पाहता आधी दगड झाकावा.